दिवसातून पाच वेळा

आमच्या घरात मिश्री हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. तोंडात घालतो, ती गोष्ट वेगळी. मी उठून मोरीकडे निघाले की म्हणायचं, “दात घासून येतो.” आमच्या बेळगाव-निपाणीकडं बायकाही ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात. आणि खरोखरच ब्रशनं दात घासायचे असले, तर “ब्रश करून येतो.” या दोन्हींतला फरक आमच्या मांजरालासुद्धा कळतो.

तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मिश्री. ती मी निपाणीत आईजवळ बसून शिकले. आई विड्या वळायची. दाढ दुखते म्हणून मी रडत होते, तिनं मिश्रीचं बोट माझ्या हिरडीवरून फिरवलं आणि रडं थांबलं. पुढं मी शिकले, बेळगावजवळ वडगावात मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तंबाखूमुक्तीची शपथ पोरांना दरवर्षी मीच देते, कारण माझा आवाज मोठा. शपथ संपली की मी दात घासून येते. आई गालाच्या दुखण्यानं गेली, तेव्हा विचारायला आलेल्यांना आम्ही दाढेचं निमित्त सांगितलं.

अशा घरातली मुलगी दातांची डॉक्टर व्हायला निघाली, आणि चौथ्या वर्षाला चार महिन्यांसाठी पोर्तुगालातल्या एका जुन्या बंदराच्या गावी तिची निवड झाली. तिथल्या कॉलेजात शिकायचं, तिथली मुलं इकडं यायची. मला नकाशात ते गाव शोधताना घाम फुटला. आमचे हे मात्र निवांत. “गोव्यात आलती ती माणसं तिकडनंच की. म्हंजे गोव्याच्या पलीकडंच.”

येताना घरच्या माणसांच्या तोंडाचे फोटो आणा, असं तिकडून कळवलं होतं. मुलीनं मला गच्चीवर उन्हात बसवलं आणि खालचा ओठ ओढून धरला. शेजारच्या यंत्रमागांचा खटखटाट चालू होता, त्यात तिनं एकाच जागेचे चार फोटो काढले.

“आई, हे कधीपास्नं हाय?”

“काय?”

तिनं फोटो दाखवला. ओठाच्या आत डावीकडं, जिथं माझं बोट पहिलं टेकतं नेमकं तिथं, सुकलेल्या चुन्यासारखा पांढरा चट्टा.

“घासायचं बंद कर.”

“करतो की.”

“शपथ घे.”

“शपथेचं मला सांगतीस व्हय? दोनशे पोरांना देतो मी.”

ती हसली नाही. दोन दिवसांनी गेली. तिला सोडून आले आणि चित्त लागेना म्हणून दात घासले.

पहिले काही आठवडे ती फोनवर गाव दाखवायची. तिथं दुपार असली की इथं संध्याकाळ. उतरत्या दगडी गल्ल्या, निळ्या फरशा लावलेल्या भिंती, नदीवर पिंपं लादलेल्या होड्या. एकदा धक्क्यावर उभी राहून म्हणाली, “आई, तंबाखू आपल्याकडं या लोकांच्या जहाजातनं आली म्हणतात.”

“मग त्यांना सांग, गिऱ्हाईक अजून टिकून हाय.”

“बंद केलीस काय?”

“कमी केलो.”

हे खोटं होतं. उलट, चट्टा बघायला दिवसातून दहा वेळा आरशासमोर जायची, आणि गेलेच आहे तर म्हणून मिश्रीची डबी उघडायची.

मग तिची वर्गात केस मांडायची पाळी आली. फोटो पडद्यावर लावायचे, रुग्णाची माहिती सांगायची, आणि जमलं तर रुग्णाला फोनवर आणायचं. “तू बसशील काय?” तिनं विचारलं. मी ठेवणीतलं इरकल नेसून बसले. तोंडाच्या आत बघणार होते ते, पण परदेश म्हटल्यावर नेसावं वाटलं.

पडद्यावर पंधरावीस पोरं आणि पिकल्या दाढीचे त्यांचे सर. सर विचारत, ती मराठीत मला सांगे, मी उत्तर दिलं की ती इंग्रजीत त्यांना सांगे.

“आई, विडी-सिगारेट ओढतीस काय, विचारालेत.”

“न्हाय बाई.”

“दिवसात कितीदा दात घासतीस?”

मी घरातल्या सवयीनं, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “पाचदा.”

ती थांबली. पापणी लवण्याएवढंच. मग तिनं इंग्रजीत सांगितलं, आणि त्यातला ‘ब्रश’ हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. पोरांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. सरांनी भुवया उंचावल्या आणि हसले. त्यांचं म्हणणं असं, की बाई दात फार जोरात घासतात, त्या घर्षणानं चट्टा आलाय. मऊ ब्रश वापरा, दोनदाच घासा, पंधरा दिवसांनी फोटो पाठवा.

माझी दोन्ही उत्तरं शब्दाला खरी होती. घोळ तिथंच झाला.

मी मात्र खूश. परदेशातल्या सरांनी तपासून काही नाही म्हटलं. शहापूरच्या बाजारातून मऊ ब्रश आणला. स्टाफरूममध्ये सांगितलं, की फार स्वच्छता केल्यानं मला त्रास झालाय. एक बाई म्हणाल्या, “तरी म्हटलं, सारखं मोरीत का असता.”

मुलीचे फोन कमी झाले. ‘जेवलीस?’ ‘जेवलो.’ एवढंच लिहायची. पंधरा दिवसांनी मी फोटो काढला. चट्टा होता तेवढाच होता, पण एका कडेला लालसर झाला होता. जिभेला खरखरीत लागायचा. फोटो पाठवला आणि लगेच तिचा फोन आला.

“आई, मी खोटं सांगितलो.”

“मला ठाऊक हाय.”

“तंबाखू म्हणालो असतो तर सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं असतं. वर्गात एकटीच मी आपल्याकडची. तुला हसली असती ती पोरं.”

“मला की तुला?”

हे मी बोलायला नको होतं. पलीकडं कुठंतरी चर्चची घंटा वाजत होती. मग मुलगी म्हणाली, “उद्या सरांना खरं सांगणार हाय मी.”

“नको गं. परत पाठवतील तुला. एवढ्या लांब गेलीस, वर्ष वाया जाईल.”

बराच वेळ मी तिच्या भवितव्यावर बोलले. शिक्षिका आहे, बोलता येतं. खरं म्हणजे मला तिच्या वर्षाची नाही, सुईची भीती होती. आईच्या गालाचा तपासायला एक तुकडा काढला होता. त्यानंतर आई फार दिवस नव्हती.

तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की माझ्या आईची माहिती मी चुकीची दिली. सरांनी तिला फळ्यावर तो शब्द लिहायला लावला. इंग्रजी अक्षरांत तिनं ‘मिश्री’ लिहिलं, कशी करतात ते सांगितलं. हसलं कुणी नाही. सर म्हणाले, तुकडा काढून तपासायला हवा, थांबू नका. ती केस त्यांनी तिच्या नावावरून काढून टाकली, तिला पुन्हा दुसरी मांडावी लागली.

“मी येऊ काय?” तिनं विचारलं.

“तू तिथंच र्‍हा. मी जातो.”

बेळगावात दवाखान्यात हे बरोबर आले. फॉर्म भरणारी मुलगी आमच्या लेकीच्याच वयाची, कन्नड बोलणारी. तिनं वर न बघता विचारलं, “तंबाकू हाकतीरेन्री?” म्हणजे तंबाखू लावता काय.

आणि माझ्या तोंडून निघालं, “इल्रि, हल्ल उज्जतेनि.” नाही हो, दात घासते. दुसऱ्या भाषेत गेले तरी मी तिथंच येऊन उभी. ती लिहायला लागली. हे खाकरले. मला तो फळा दिसला, त्यावर परक्या अक्षरांतला आमचा शब्द आणि शेजारी उभी पोर.

“लिहू नका,” मी म्हणाले. “मिश्री. दिवसातून पाच वेळा. तीस-पस्तीस वर्षं झाली.” यांच्याकडं बघायचं मी टाळलं. आवाज मोठा असल्यामुळं बाकावरच्या सगळ्यांना कळलं.

तुकडा काढला, टाके पडले, आठवडाभर मी पेज प्याले. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्यात, असं होतं. पुढं काय होईल ते डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. मिश्री बंद, आणि तीन महिन्यांनी परत दाखवायचं. डबी यांनी उचलून नेली. सकाळी माझं बोट आपोआप वर जातं, रिकामंच.

मुलगी अजून तिकडंच आहे. रोज संध्याकाळी फोन करते आणि नदी न दाखवता आधी एकच विचारते. काल विचारलं, तेव्हा मी उगीच पदर सारखा करत बसले.

“आज कितीदा घासलीस?”

“तीनदा.”

“ब्रशनं?”

“दोनदा ब्रशनं.”

तिसऱ्यांदा मिश्रीच. शाळेतल्या आयाबाईंकडं मागितली होती चिमूटभर, मधल्या सुट्टीत.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या परत विचारतो.”