राउटर मी बंद केला

लोणावळ्यातल्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीतले किस्से मी निवृत्तीनंतर अनेकांना ऐकवले. हा एक मात्र दर वेळी टाळला.

राउटरला जे 'जपून ठेव' म्हणून सांगावं ते फ्लॅशमध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या साठ्यात जातं. वीज गेली तरी टिकतं. बाकी सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात: कुठला डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा त्याचा तक्ता, ये-जा करणारा डेटा, कोणी काय बदललं त्याची नोंद. राउटर बंद केला की ते पुसलं जातं. माझ्या सहकाऱ्याला हे मीच शिकवलं होतं. तो भाजे गावचा, शेती सांभाळून नोकरी करणारा.

त्या शनिवारी सकाळी त्याने वलवणची नवी लाइन जोडली आणि तो बदल जपून ठेवला. दुपारी मी कोणालाही न विचारता राउटरला जगभरच्या सगळ्या वाटा मागवायला लावल्या. आधी बघू म्हणून जपून काही ठेवलं नाही. एवढा मोठा तक्ता त्या जुन्या राउटरच्या रॅममध्ये मावेना. डेटाला जागाच उरली नाही. हॉटेलं, बंगले, सगळं ठप्प. मालक सोमाटण्याहून निघाले होते. फोनवरच ओरडले, "ज्याने केलंय त्याला आजच घरी बसवतो!"

मी बटणाकडे हात नेला.

"भाऊ, थांबा," तो म्हणाला. "बंद केला तर नोंद जाईल. कुनाच्या हातनं झालं ते कळाया नको?"

"लोक खोळंबलेत. नोंदीचं काय लोणचं घालायचंय?"

"आवो, तुमीच शिकवलंय न्हवं! केबल लावून उतरवून घेतो, मग करा की बंद."

तो केबल घ्यायला वळला आणि मी बटण दाबलं.

नेट सुरू झालं. माझा बदल पुसला गेला, नोंदही गेली. फ्लॅशमध्ये उरला फक्त त्याचा सकाळचा बदल, त्याच्या नावासकट. मालकांनी तेवढाच पाहिला.

"वलवणची लाइनच नडली ना?" त्यांनी मला विचारलं.

"असेल," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत असतानाच मालकांनी त्याला कामावरून काढलं. संध्याकाळी डबा घेऊन निघून गेला, तो परत आलाच नाही.

मागच्या महिन्यात भाज्याला गेलो. आता तो तिथल्या बंगल्यांची देखभाल करतो. त्याने चहा दिला.

"भाऊ, कसं काय येनं केलं?"

"सहज."

"घरचं नेट नीट चालतंय न्हवं?"

"चालतंय," म्हणालो आणि कप खाली ठेवून उठलो. फाटकापर्यंत तो सोडायला आला. तिथे तरी म्हणायचं होतं: त्या नोंदीत नाव माझं होतं, म्हणूनच मी बटण दाबलं. मला माफ कर.