आत्याकडची जपानी तलवार

रोह्याच्या आमच्या कंपनीत नवं मशीन बसवायला जपानहून एक इंजिनीअर आले होते. जेवताना मी सहज सांगितलं, पेणला माझ्या आत्याकडे जपानी तलवार आहे, तिच्या सासऱ्यांनी ब्रह्मदेशच्या लढाईवरून आणलेली. त्यांचा घास हातातच राहिला. रविवारी आम्ही पेणला हजर.

आत्याने तलवार माळ्यावरून काढली. "दसऱ्याला पुजते. एकदा फणस कापलेला," ती म्हणाली. दुसऱ्या वाक्याचं भाषांतर मी गिळलं.

पाहुण्यांनी गुडघे टेकून तलवारीला नमस्कार केला. पात्यावर श्वासाची वाफ जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल लावला, मुठीतली बांबूची खुंटी अलगद काढली आणि मूठ उतरवली. कारागीर मुठीआडच्या लोखंडावर आपलं नाव कोरतो, म्हणे. आम्ही तिघं एकदम वाकलो, डोक्यावर डोकं आपटलं. नाव नव्हतंच! नुसता गंज आणि दोन भोकं.

मी हिरमुसले, तर ते हसत सुटले. दोन भोकं म्हणजे पातं मुळात लांब होतं, कुणीतरी मागून कापून आखूड केलं, खुंटीसाठी नवं भोक पाडलं आणि नाव कापलेल्या तुकड्याबरोबर गेलं. मूठ, म्यान लष्करी. पातं मात्र कित्येक शतकं जुनं! खिडकीशी तिरकं धरून त्यांनी धारेलगतची पांढुरकी लाट दाखवली. त्या लाटेवरून कारागिराचं घराणं ओळखायचं; त्यांनी ते सांगितलंही.

"काय म्हणतो गो?" आत्याने विचारलं.

"नाव नसलं तरी हात ओळखता येतो म्हणतात."

"व्हय तर! गणपतीचे डोळे बघून मी नाय सांगत, आखणी कुणाची ती?"

हे मी भाषांतर करून सांगताच ते उठलेच. तासाभरात आम्ही हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्यात; तिथे कारखानदार आणि त्याची लेक दोघंही डोळे आखतात. आत्या मूर्तींमधून फिरत, "हा बापाचा हात, हा लेकीचा," सांगत सुटली आणि कारखानदार मान डोलवत राहिला. मग पाहुण्यांनीही अंदाज बांधून एक मूर्ती बापाची ठरवली. लेकच ओरडली, "नाय, ती माझी हाय!" आत्या हसून हसून मातीच्या गोणीवर बसली.

पुढे जपानच्या जाणकारांनी फोटो पाहून कळवलं, घराणं यांनी सांगितलं तेच. ही बातमी पाहुण्यांनी कँटीनमध्ये ओरडूनच सांगितली. मी आत्याला फोन केला, तर पेणला पोचेपर्यंत निम्मी आळी आत्याच्या ओटीवर जमली होती. आत्याने नवी साडी नेसून तलवार मांडीवर घेतली होती. "काढ गो फोटो," ती म्हणाली. फोटो हललेला आला. मला हसू आवरत नव्हतं.