काळ्या दगडांवर भाजलेले कंद

मी निवृत्त झाले तेव्हा चँडलर शहरात राहणारी माझी मुलगी रोज फोन करायची. "आई, तिथे आता तुझं काय आहे? घर सेल कर आणि इकडे ये." मी हो हो म्हणायचे आणि आयडाहोतच राहायचे. माझी बहुतेक नोकरी शोशोनी या मूळ अमेरिकी लोकांच्या रिझर्व्हेशनवरच्या, म्हणजे त्यांच्या राखीव वस्तीतल्या दवाखान्यात झाली होती. तिथल्या ज्या नर्सबरोबर मी दोन पिढ्यांच्या पोरांना लशी टोचल्या, तिने एक दिवस विचारलं, "डॉक्टर, उन्हाळ्यात मोकळ्या आहात ना? खड्डा खणायला माणसं हवीत."

खड्डा कॅमससाठी हवा होता. कॅमस म्हणजे निळ्या फुलांचं एक रोप, त्याच्या मुळाशी लहान कांद्याएवढा कंद असतो. तिचे पूर्वज उन्हाळा लागला की कुरणावर उतरायचे, कंद खणायचे, जमिनीत पुरून भाजायचे आणि सुकवून हिवाळ्यासाठी ठेवायचे. तिथून सामन माशांसाठी नदीवर, थंडीच्या आधी दक्षिणेच्या डोंगरात चिलगोज्यांसाठी, पाइनच्या बियांसाठी. वर्षभर अन्नाच्या मागे चालायचं, पण नेमक्या वेळी नेमक्या जागी. पुढे कुरणांवर गोऱ्या शेतकऱ्यांची कुंपणं आली आणि तिच्या घरातलं कंद भाजणं बंद पडलं. ते प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती घरात उरली होती, तिची मावशी. ऐंशीच्या पुढची, वॉकर घेऊन चालणारी. मीही त्यांना मावशीच म्हणायला लागले. शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला.

पहिल्या वर्षी सगळंच फसलं. आम्ही नदीतले गुळगुळीत दगड आणून खड्ड्यात लावले, तर विस्तवात ते फटाफट फुटले. वर कंद पसरले, माती ओढली आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी उघडलं, कारण सगळ्यांना घाई. कंद पांढरट आणि चिकट निघाले. तरी खाल्ले आणि पुढचा सगळा दिवस पोट धरून बसलो. मावशी म्हणाल्या, "मला आग आठवते. वास आठवतो. दगड आठवत नाहीत. मी तेव्हा एवढीशी होते."

नर्सने फावडी ट्रकमध्ये टाकली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी."

त्या हिवाळ्यात मी मावशींकडे चहाला गेले असताना पोपटीची गोष्ट निघाली. मी अलिबागकडची. आमच्याकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरतात, भांबुर्ड्याचा पाला कोंबून तोंड बंद करतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाफ बाहेर जाऊ देता?"

"नाही. मडकं मध्ये उघडलं तर शेंगा कच्च्या राहतात."

"मग तुला कळेल, आपण खड्डा लवकर उघडला ते," त्या म्हणाल्या.

बर्फ वितळल्यावर नर्सने त्यांना गाडीत घालून कुरणाच्या कडेकडेने फिरवलं. एका उंचवट्यापाशी मावशींनी थांबायला सांगितलं. गवतात एक उथळ, गोल खळगा होता आणि त्यात काजळी धरलेले दगड. नदीतले नव्हते, काळे, सच्छिद्र, लाव्हाचे. मावशी खिडकीतून बघत राहिल्या. "हेच. माझे वडील ते पाठीवरून आणायचे." त्या खळग्याला आम्ही हात लावला नाही. तसे दगड मात्र दुसरीकडून ट्रक भरून आणले.

मावशींनी आम्हाला फुलं असतानाच कुरणावर नेलं. तिथे कॅमससारखंच एक विषारी रोप उगवतं, पांढरट फुलांचं. फुलं गळली की दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून पांढरी तेव्हाच उपटून टाकायची. मग बी धरल्यावर खणायला आलो. आडव्या मुठीची लोखंडी काठी मातीत रोवायची, गवताचा थर उचलायचा, मोठे कंद घ्यायचे, बारीक परत पुरायचे आणि वर बी झाडायचं. माझ्या गुडघ्यांची वाट लागली, पण पोती भरली.

काळे दगड फुटले नाहीत. ते तापून लाल झाले, तेव्हा त्यांवर ओलं गवत, गवतावर कंद, पुन्हा गवत, वर माती आणि मातीवर पुन्हा जाळ. आम्ही पाळीपाळीने लाकडं घालत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सचा भाऊ फावडं घेऊन आला. "थोडंसं बघू या, यार," असं म्हणावं तसा त्याचा चेहरा होता.

नर्स खड्ड्यासमोर उभी राहिली. "कोणी हात लावायचा नाही."

तिसऱ्या सकाळी वास आला. कच्च्या मातीचा नाही, गूळ कढवताना येतो तसा. मावशींनी वॉकर पुढे सरकवला, वाकून हुंगलं आणि म्हणाल्या, "उघडा."

वाफ अंगावर आली. कंद काळेभोर, चकाकणारे, बोटांना चिकटणारे. मावशींनी एकाचं साल काढलं आणि तोंडात टाकला. डोळे मिटून त्या सावकाश चावत राहिल्या. मग त्यांनी भाचीकडे पाहिलं. "झालं. बरोबर झालं."

नर्स मातीतच बसली आणि रडता रडता हसायला लागली. मी एक खाल्ला. रताळं आणि खजूर यांच्या मधली काहीतरी चव, मागे धुराची. पोरं परत परत मागायला आली. पोट कुणाचंही दुखलं नाही.

मावशी घरी जाऊन आडव्या पडायला तयार नव्हत्या. कंदांची परात मांडीवर घेऊन त्या ट्रकमध्ये पुढे बसल्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी आम्हाला थांबायला लावलं. शेवटचं घर त्यांच्या लहानपणच्या एका सोबत्याचं होतं. तो खाटेवर उठून बसला, दोन कंद सावकाश खाल्ले आणि शोशोनीत काहीतरी म्हणाला. मावशींनी लगेच उत्तर दिलं आणि दोघंही खो खो हसले.

"काय म्हणाला?" मी नर्सला विचारलं.

"म्हणतो, माझ्या आजीचे याहून गोड असायचे. मावशी म्हणाली, आधी आणखी दोन खा, मग बोल."

त्याने आणखी दोन खाल्ले. आणि परात आपल्याकडे ओढून घेतली.