पुस्तकातल्या माणसासाठी दोन बादल्या

आजोबा गेले तेव्हा आजी रडली होती का, असं तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत. मी विषय बदलला. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते.

रडले नव्हते. तुमचे आजोबा सकाळी पेपर वाचता वाचता गेले. घर माणसांनी भरलं, तेव्हा मी शेजारणीला विचारलं, "चहा किती जणांचा सांगायचा?" तेराव्यापर्यंत सगळं नीट पार पडलं. जेवणाऱ्यांची यादी, पाण्याचा टँकर, अहमदपूरच्या पाहुण्यांच्या गाद्या. बाई खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाढ काढून आल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं होतं. फक्त ते उतरत नव्हतं.

सगळे परतल्यावर माझी थोरली जाऊ, आक्का, नांदेडला मुलाकडे न जाता लातूरला माझ्याजवळ राहिली. ती शिरूर अनंतपाळची. शाळेत कधी गेली नाही.

"नुसती भिंतीकडं बघून राहिलीस," ती एका दुपारी म्हणाली. "काहीतरी वाच. मोठ्यानं वाच."

हाताशी एक इंग्रजी कादंबरी होती, अर्धी वाचून ठेवलेली. एका श्रीमंत घराण्याची गोष्ट. कुणालाच काही काम नाही, त्यामुळे टेबलाशी कोण कुठे बसणार यावर आठवडाभर अबोला. पानापानावर विनोद. पूर्वी मी त्यातले तुकडे तुमच्या आजोबांना वाचून दाखवायची आणि ते पेपरमागून "हं" म्हणायचे. आता मी ती पहिल्या पानापासून आक्काला मराठीत सांगू लागले. रोज तीन वाजता एक प्रकरण. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचत होते.

आक्काला मात्र ती माणसं सोयऱ्यांसारखी वाटत होती.

"ही म्हातारी म्हंजे आपली सासूच. फक्त लुगडं नेसत न्हाई." किंवा, "तीन-तीन पोरी, अन् एकीला बी पोळी लाटता येईना?"

"त्यांच्याकडे आचारी आहे, आक्का."

"आचारी तर आपल्याकडं बी होता. डाळ मिल जोरात होती तवा. सासूनं मला सोडली का?"

तिचा सगळ्यात लाडका होता त्या घरचा म्हातारा मालक. सगळे भांडत असताना तो गप्प बसून राहायचा. "गरीब बिचारा," ती म्हणायची. "लई सोसतो."

महिनाभराने एका प्रकरणात तो गेला. पत्त्यांचा डाव चालू असताना, एका वाक्यात. डाव हरत आला होता, म्हणून त्याने वेळ बरी साधली, असं लेखकाने लिहिलं होतं. मी तेवढं सांगून पान उलटलं.

"थांब. मेला?"

"हो."

"एका वळीत?"

"विनोदी पुस्तक आहे, आक्का."

ती उठून आत गेली. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. नळ येऊन नऊ दिवस झाले होते, भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही कुंड्यांना घालत होतो. आणि आक्का दोन बादल्या संपवून, डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस पिळत बाहेर आली.

"हे काय केलंत?"

"मेल्याचं कानावर आल्यावर अंघोळ नको?"

"अहो, तो खरा माणूस नव्हता."

"ते मला काय ठावं? महिनाभर रोज दुपारी भेटत होता." तिने पदराने डोळे पुसले आणि समोर बसली. "वाच फुडं. त्याच्या बायकोनं काय केलं?"

मी जागा शोधली. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि तिचं मराठी करता येईना. ओळ अगदी सोपी होती.

"वाच की."

"तिने पत्ते खाली ठेवले," मी म्हणाले. "आणि विचारलं, आता जेवायला किती जण?"

मी वर पाहिलं. आक्का हसली नाही. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, खिडकीबाहेर बघत होती.

"एक बादली राखून ठेवलीय," ती म्हणाली. "जा."

"सकाळी झालीय माझी अंघोळ."

"ती रोजची. जा."

मी गेले. पाटावर बसून पहिला तांब्या डोक्यावर ओतला. त्यापुढचं मात्र क्रमाने लिहिता येणार नाही. बादली कधीच रिकामी झाली होती आणि मी तशीच बसले होते.

"झालं का गं?" दाराबाहेरून आक्काने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मोरीतली घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली. घरात कुणी आलंच, तर आतलं काही ऐकू जाऊ नये, इतकी जोरजोरात.