एकही झाड न तोडता

पत्रक मी लिहिलं होतं, त्यामुळे या प्रकरणात पहिली शिवी मलाच बसायला हवी.

चेन्नईत माझी नोकरी गिंडीला, पण खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका औद्योगिक वसाहतीला लागून. तिथलं भाडं परवडतं. खोलीसमोर महापालिकेचं उद्यान: कडुनिंब, करंज, सिमेंटची बाकं आणि कोपऱ्यात बायकांसाठी दोन संडास. पाणी कधी असायचं, कधी नसायचं. कड्या मात्र लागायच्या. रस्त्यापलीकडे नटबोल्टचा कारखाना. तिथे पॅकिंगला आठ बायका. कारखान्यात संडास एकच, तो पुरुष वापरतात, आणि त्याची कडी तुटलेली. मालक म्हणायचा, समोर उद्यान आहे की. म्हणून जेवणाच्या अर्ध्या तासात आठही जणी रस्ता ओलांडून उद्यानात यायच्या. त्यांच्यातल्या थोरलीला सगळ्या अक्का म्हणत. मीही म्हणू लागले.

तर हे दोन संडास पाडून तिथे कॉफीचा स्टॉल उभारायचा, असा प्रस्ताव महापालिकेपुढे आला. उद्यानाचं सुशोभीकरण म्हणे. आमच्या रहिवासी संघाला तो पसंत होता. संघाच्या अध्यक्ष माझ्या घरमालकीण, माझ्या खोलीच्या खालीच राहणाऱ्या. निवृत्त शिक्षिका, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या.

"वास येतो गे," त्या म्हणाल्या. "आणि दुपारी कोण कोण येऊन बसतं तिथे."

"साफ करायला माणूस पाठवत नाहीत, म्हणून वास येतो."

"म्हणूनच पाडा म्हणते मी!"

सुटीच्या दिवशी मी आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाची पत्रकं वाटायचे, ते अक्काने पाहिलं होतं. एका शनिवारी दुपारी तिने मला गाठलं. बोलायची ती तमिळच, माझी तमिळ मोडकी, पण हे वाक्य समजायला व्याकरण लागत नव्हतं. "लिही. आमचा संडास पाडू नका. एवढंच लिही."

एवढंच मी लिहिलं नाही. कॉलेजपासून चळवळीत घासून शिकले होते की जास्तीत जास्त लोक सही करतील असं पत्रक लिहायचं. झाडांवर सह्या मिळतात, संडासावर मिळत नाहीत. म्हणून मथळा 'आपलं उद्यान वाचवा'. खाली सावली, पाखरं, मुलांचं खेळणं, म्हाताऱ्यांचं फिरणं. शेवटच्या परिच्छेदात 'इतर जनसुविधाही कायम ठेवाव्यात'. तमिळ प्रत अक्काने एकीकडून वाचून घेतली.

"यात आम्ही कुठे?"

"आहात की. इतरमध्ये."

"इतर!" ती हसली. "या वयात इतर झाले बघ." मग आठही जणींनी सह्या केल्या.

सह्यांचा पाऊस पडला. घरमालकिणींनीही केली. "झाडं हवीतच की," म्हणाल्या. मला तो विजय वाटला. इतकी मूर्ख होते मी.

नगरसेवक लोकांचं ऐकायला एका शनिवारी दुपारी उद्यानात आले. इकडे कुठल्याही सभेत पाहुण्याच्या खांद्यावर जरीची शाल घालतात. ती न घालणं म्हणजे भांडायलाच आल्यासारखं. आमच्या गटाने ठरवलं, आधी मान, मग मागणी. शाल मी घातली. मागे आठ जणी कारखान्याचे निळे कोट घालून बसल्या होत्या, डबे न उघडता आलेल्या.

"या उद्यानातलं एकही झाड तोडलं जाणार नाही!" नगरसेवक गरजले. टाळ्या. मीही वाजवल्या. अक्काने मागून मला बोटाने ढोसलं. "विचार ना."

मी उठले. "सर, आणि इतर सुविधा?"

"सगळ्या सुविधा सुधारणार अम्मा! एकदम जागतिक दर्जा!"

पुन्हा टाळ्या. घरमालकिणींच्या सगळ्यांत जोरात. मी भोंग्यावर घोषणा देणारी बाई, पण इतक्या बाप्यांसमोर संडास हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी खाली बसले.

महापालिकेच्या सभेला मी प्रेक्षकांत होते. विषय पुकारला, मंजूर झाला, पुढचा विषय. एवढ्यात कॉफीही गार होत नाही. टिपणात लिहिलं होतं, नागरिकांशी चर्चा केली असता त्यांनी योजनेचं स्वागत केलं, सोबत छायाचित्र. छायाचित्रात मी, शाल घालताना, सगळे दात दाखवत. मागे आठ निळे कोट. मला किळस आली. किळस याची, की त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. आम्ही जमलो होतो, शाल घातली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. पुरावा आम्हीच शिवून दिला होता, जरीच्या काठासकट.

संडास पाडले. झाडाच्या सालीला ओरखडाही नाही. निंबाभोवती चकचकीत फरशीचा कट्टा बांधला, वर नगरसेवकांच्या चेहऱ्याचा फलक आणि झाडं वाचवणाऱ्या जागरूक नागरिकांचे आभार. म्हणजे माझे. घरमालकीण संध्याकाळी तिथे कॉफी पितात.

पलीकडे आठ जणींनी सकाळपासून पाणी पिणं सोडलं. इथल्या उन्हात, पत्र्याखाली. एकीला लघवीची जळजळ सुरू झाली, ताप आला, चार दिवस ती आली नाही. मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिलाच शब्द संडास. अक्कासमोर धरलं. तिने पेन घेतलं नाही.

"मागच्या कागदावर केली होती सही. झाडं वाचली." मग म्हणाली, "तुझ्या खोलीत आहे ना?"

"काय?"

"संडास गं. दुपारी तू ऑफिसात असतेस. किल्ली दे."

मी म्हटलं, घरमालकीण काय म्हणतील. जे म्हटलं नाही ते असं: खोलीत माझा लॅपटॉप असतो, कपाटाला कुलूप नाही. हातात त्यांच्याच हक्काचं पत्रक धरून मी मनातल्या मनात त्यांच्याकडे 'कोण कोण' म्हणून बघत होते. नगरसेवकाची आली त्याहून जास्त किळस मला त्या क्षणी माझी आली. किल्ली दिली. पण लगेच नाही दिली, आणि ते तिने पाहिलं.

दोघी-दोघी येऊ लागल्या. चौथ्या दिवशी घरमालकिणींनी पकडलं. "भाडं एकीचं, येतात आठ! धर्मशाळा आहे काय गे ही?"

"उद्यान वाचवायला तुम्हीही सही केलीत, त्यांनीही केली."

"झाडांवर केली. माझ्या घरावर नाही." महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं.

शनिवारी मी घरी होते. अक्का हात धूत असताना तिला हे सांगितलं. ती हळहळेल असं वाटलं होतं. तिने पदराला हात पुसले, घड्याळ बघितलं.

"नवी खोली याच बाजूला बघ," म्हणाली. "आणि तळमजल्याची. जिना चढून-उतरून अर्ध्या तासात आठ जणींचं उरकत नाही."