शेगडीखालची लिंबं

आता ऐकाच. घोळ माझा आहे, तेव्हा मीच सांगते. आमच्या केनवड गावातल्या दुसऱ्या कोणाकडून ऐकलात तर त्यात तिखटमीठ जास्त असेल.

तर आमच्याकडे उभी शेगडी आली. ओट्यावर ठेवायची नव्हे हो. आपल्या पायांवर जमिनीवर उभी राहणारी, वर बर्नर, खाली ओव्हन. माझ्याच हट्टानं आली. ह्यांनी तेव्हाच बजावलं, "एक जरी खोट निघाली, तं दुकानात वापस."

म्हणून बसवताना मी तिथून हलले नाही. रिसोडहून आलेल्या कारागिरानं आधी शेजारच्या खिडकीचा पडदा काढायला लावला. नळीला साबणाचा फेस लावून गॅस कुठून निसटत नाही ना, ते पाहिलं. वर पाण्याची परात ठेवून, पाय फिरवत शेगडी सपाट केली. ओव्हनचं दार उघडल्यावर ती पुढं झुकू नये म्हणून मागून भिंतीला साखळीही मीच आग्रहानं लावून घेतली. हे हसले, "शेगडी हाय का म्हैस? बांधून कायले राह्यली?"

मी लक्ष दिलं नाही. अग्नीशी थट्टा बरी का?

कारागीर गेला, हे वावरात गेले आणि मी पूजा मांडली. हळदीकुंकू, फूल, नारळ. आता तुम्हीच सांगा, नवा ट्रॅक्टर आला की चाकांखाली लिंबं ठेवतो की नाही? मग शेगडीनं काय पाप केलं? पहारीनं एकेक कोपरा उचलून मी एकटीनं चारही पायांखाली लिंबं सरकवली. पुढची पिकलेली होती, मागची हिरवी, कडक. देवाला काय, सगळी सारखीच.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन. सवाष्णी जेवायला येणार, नैवेद्य नव्या शेगडीवर. पुऱ्या तळायला घेतल्या, तर सगळं तेल कढईत माझ्या बाजूला. तेवढ्यात नानखटाई पाहायला ओव्हनचं दार उघडलं आणि शेगडी माझ्याकडं वाकली!

साखळी ताठ झाली, म्हणून ती तिथंच थांबली. मी गॅस बंद केला, मागं सरले, महालक्ष्मीला हात जोडले. दारातून पाहणाऱ्या ह्यांच्या डोळ्यांत मात्र मला दुकान दिसू लागलं.

मी तिथल्या तिथं कारागिराला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"भाऊ, तुमी शेगडी वाकडी बसवली."

"काकू, परातीतलं पाणी तुमीच पाह्यलं ना? मंग कोणी हलवली का?"

"कोणी बोट नाही लावलं."

तोवर माझी धाकटी जाऊ सुनंदा मोबाईलचा उजेड पाडून खाली वाकली होती. "जाऊबाई, पुढच्या पायाखाली रस वाहून राह्यला. हे लिंबं कोणं ठेवले?"

स्पीकरवर कारागिरानंही ते ऐकलं. हळूच म्हणाला, "काकू, ट्रॅक्टर लिंबावरून पुढं जाते. शेगडी कुठं जाऊन राह्यली होती?"

लिंबं काढली, परातीनं पुन्हा पाहिलं, साखळी तपासली. पुऱ्या टम्म फुगल्या, नैवेद्य वेळेत झाला. शेगडी घरातच राहिली, आणि ती पडली नाही ती माझ्या साखळीमुळं, हे मी प्रत्येक सवाष्णीला कुंकू लावताना सांगितलं.

गेल्या आठवड्यात सुनंदानं तशीच शेगडी घेतली. पहिलं बोलावणं मला. मी नवी साडी नेसून गेले.

म्हणाली, "या जाऊबाई. कशी बसवायची ते कारागीर सांगते. काय काय करू नाही, ते तुमच्यापेक्षा कोणाले ठाव?"