आमच्या गाळ्यावरचा लाल ठिपका

मॅडम पहिल्यांदा आमच्या गाळ्यांच्या गल्लीत आल्या तेव्हा त्या प्राध्यापक झाल्या नव्हत्या. पीएच.डी. करत होत्या. स्कूटीवर यायच्या आणि हेल्मेट कुठं ठेवावं ते त्यांना कळायचं नाही. मी ते माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून द्यायची.

मी हिंगोलीकडची, आठवीत शाळा सुटलेली. राहायला काळेवाडीत. दोन बस बदलून चाकणच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या गाळ्यात कामाला जाते. तिथं गाड्यांच्या लहान भागांना रंग मारतात. ते वाळले की पुसून खोक्यात भरायचं माझं काम.

आगीचा, पुराचा आणि विम्याचा हिशेब हा मॅडमचा विषय. विमा काढला की माणूस बेफिकीर होतो का, हे त्यांना शोधायचं होतं. मी म्हणाले, "मॅडम, विमा शेठचा असतो. हात आमचे भाजतात." मला वाटलं हसतील. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी बसमध्ये मी उभ्यानंच घरी आले, पण पाय दुखले नाहीत.

गाळेवाले मात्र त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. रंगात मिसळायचं, ठिणगीनं पेटणारं थिनर किती ठेवता, हे कोण सांगेल? मग मीच म्हणाले, "खंडेनवमीला या. सगळी दारं उघडी असतात."

आमच्या गल्लीची एक रीत आहे. खंडेनवमीला प्रत्येक गाळा धुऊन काढतात, यंत्रांना हार घालतात, दिवा लावतात. दिव्याजवळ थिनर नको म्हणून सगळ्या गल्लीची पिंपं दोन दिवस आमच्या गाळ्यात आणून ठेवतात. आमचा गाळा कोपऱ्यावरचा आणि अर्धा रिकामा. म्हणून आमच्याकडं पूजेला नुसती फुलं असतात, दिवा नसतो.

मॅडम साडी नेसून आल्या, पेढा खाल्ला, फोटो काढले, पिंपं मोजली. मी दोनदा सांगितलं, "ही पिंपं गल्लीची आहेत. आमची दोनच."

"लिहिलं, ताई."

"नाव नाही ना येणार कुणाचं?"

"नाव कुणाचंच येत नाही. नकाशावर फक्त ठिपका असतो."

पुढं त्या डॉक्टर झाल्या, कॉलेजात लागल्या, भाषणांना जाऊ लागल्या. नंतर एका विमा कंपनीच्या सल्लागार समितीवरही गेल्या. फोनवरचा त्यांचा फोटो मी गाळ्यात सगळ्यांना दाखवला. "आपल्या मॅडम!"

"तुझ्या असतील," शेजारी बसणारी म्हणाली. "आपला पेढा खाऊन गेली, परत तोंड दाखवलं का बाईनं?" सगळ्या हसल्या. मला राग आला होता, मॅडमचा नव्हे, तिचा.

यंदा विम्याची मुदत संपली तेव्हा कंपनीचा माणूस आला आणि दारातच थांबला. हातात नकाशा. आमच्या कोपऱ्यावर मोठा लाल ठिपका.

"आत या की, मोजा," शेठ म्हणाले.

"गरज नाही. या भागाचा अभ्यास झालेला आहे."

विमा नाकारला. विम्याशिवाय गाड्यांची मोठी कंपनी आम्हाला रंगवायला माल देत नाही. म्हणजे आम्हा दहा जणांचं काम बंद पडणार. शेठ गल्लीभर विचारत फिरले, "आपल्यात येऊन मोजलं कुणी?" मी मान खाली घालून खोकी भरत राहिले.

चौथ्या दिवशी रजा टाकून कॉलेजात गेले. मॅडमनी ओळखलं, चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, मी लिहिलंय ते." पडद्यावर पानाच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं दाखवली आणि मराठीत वाचून दाखवलं. सणामुळं साठा तात्पुरता एकत्र केलेला असण्याची शक्यता आहे.

"शक्यता? मी तर दोनदा सांगितलं होतं."

"संशोधनात असंच लिहितात, ताई."

"मग आता एक पत्र द्या. आमची दोनच आहेत म्हणून."

त्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. "एक ठिपका काढला तर बाकीच्यांवरही प्रश्न येतात. सगळा निष्कर्षच..." टोपण घट्ट लावलं. "मी बोलते कुणाशी तरी."

आठवडाभर वाट बघितली. मी फोनवर पाठवलेल्या तीन निरोपांना उत्तर म्हणून एकदा जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

खंडेनवमीला मॅडमना मीच बोलावलं होतं, हे शेवटी शेठना मीच सांगितलं. ते इथल्याच जुन्या गावातले. चिडले की आवाज खाली जातो त्यांचा.

"पिंपं गल्लीची हायेत, हे सांगितलं व्हतं का तू तिला?"

"दोनदा."

"मंग खोटं तर तू बोलली न्हाईस." एवढं म्हणून ते उठून गेले.

त्यांनी अर्जावर अर्ज केले. अखेर विमा कंपनी नव्यानं मोजायला तयार झाली. आदल्या संध्याकाळी शेठनी मला दारात थांबवलं. "ताई, उद्या तू येऊ नगंस. पगार कापणार न्हाई. मान्सं बघाया येणार हायेत."

मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरी बसून राहिले. दुपारी गाळ्यात माझ्या शेजारी बसणारीचा फोन आला: दोन पिंपं मोजली, विमा होणार. मला खरंच आनंद झाला. मग तिनं विचारलं, "आणि तू का गं आली नाहीस?"

बरं नव्हतं, असं मी सांगितलं.